हट्ट की सोसत नाही? लहान मुलांच्या संवेदनांच्या अडचणी ओळखताना

दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांतून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो. कुकरची शिट्टी झाली की तीन वर्षांचं पोर कानांवर हात दाबून मोरीत जाऊन बसतं. बोटांना सालन लागलं की किंचाळतं. ईदचा नवा कुर्ता अंगाला लावू देत नाही. दुसऱ्या घरातलं पोट्टं अगदी उलटं: गुडघा फुटला तरी रडत नाही, दिवसभर भिंतीवर, गादीवर, माणसांवर आदळत असतं आणि बाहीची कड चावून चावून ओलीचिंब करतं. दादी म्हणते नजर लागली. फुफी म्हणते आईनं लाडावून ठेवलं. मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणतो, हा ऑटिझम. मग आईवडील विचारतात: डॉक्टरकडे जायचं, मौलानासाहेबांकडे जायचं, की मोठं झाल्यावर सुटेल म्हणून थांबायचं?

थांबू नका. दवाखाना आणि दुआ यांतलं एकच निवडायची गरज नाही, दोन्ही करा. मात्र मुलाला हट्टी, बाधलेलं किंवा ऑटिस्टिक असं कोणतंही नाव चिकटवण्याआधी त्याला नेमकं काय सोसत नाही ते पाहून लिहून काढा. पुढचं सगळं साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांना धरून सांगितलं आहे.

नेमकं काय होतं

आवाज, उजेड, वास, चव आणि स्पर्श यांची माहिती मेंदूकडे अखंड येत असते. त्यांच्या जोडीला आणखी तीन जाणिवा असतात, ज्यांची शाळेच्या पुस्तकात सहसा ओळख होत नाही: तोल आणि गतीची, स्नायू-सांध्यांवर येणाऱ्या दाबाची, आणि भूक, तहान, लघवी, दुखणं अशी शरीराच्या आतली. सुपात धान्य पाखडावं तसा मेंदू या सगळ्यांतून कामाचं ठेवतो आणि बाकीचं उडवून लावतो. काही मुलांना हे पाखडणं जमत नाही. एखाद्याला पंख्याची घरघर आणि आईची हाक सारख्याच जोरानं ऐकू येतात. एखाद्यापर्यंत हाक पोचतच नाही. तिसऱ्याला अंगाला जोराचा दाब, हालचाल, धक्का मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. एकाच मुलात हे तिन्ही प्रकार असू शकतात: आवाज सोसत नाही, पण झोपाळा कितीही उंच गेला तरी हवाच.

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत या अडचणींची मांडणी केली. त्यावरून खासगी क्लिनिकच्या कागदावर अनेकदा ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ असं लिहून मिळतं. तो कागद हातात आला तर एवढं लक्षात ठेवा की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये आपल्या डॉक्टरांना हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका असं सांगितलं आहे. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत संवेदनांची अतितीव्र किंवा मंद प्रतिक्रिया ऑटिझमच्या निकषांत धरली आहे, वेगळा आजार म्हणून नाही. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा: हे लक्षण आहे. ते एकटं असू शकतं, ऑटिझमचा भाग असू शकतं, अतिचंचलतेसोबत येऊ शकतं, किंवा मुळात कानाचं दुखणं असू शकतं. लक्षणामागचं कारण शोधल्याशिवाय थेरपीचं पॅकेज घेऊ नका.

घरात, गल्लीत, मशिदीत काय दिसतं

सोसत नसलेलं मूल:

- मिक्सर, कुकर, डीजे, लग्नाची वरात, तान्हा पोळ्याचे ताशे यांना घाबरून पळतं. भोंगा जवळ असेल तर अजानेच्या वेळी कान झाकतं.
- केस कापणं, नखं काढणं, डोक्याला तेल लावणं म्हणजे रोजची लढाई. टोपी आणि ओढणी डोक्यावर टिकत नाही.
- दोन-तीनच पदार्थ खातं, तेही एकाच पोताचे. कोरडा भात चालतो, भातावर शोरबा पडला की ताट बाजूला.
- अत्तर, लोबान, फिनाइलच्या वासानं ओकारी काढतं.
- वाळूवर, गवतावर अनवाणी पाय टेकवत नाही. वजूचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं की रडतं.

जाणवत नसलेलं मूल:

- हाक मारली तरी वळत नाही, पण चॉकलेटच्या कागदाचा आवाज ओळखतं.
- भाजलं, कापलं तरी सांगत नाही. चड्डी ओली झाल्याचं भान नसतं.
- सुस्त, सतत टेकून बसलेलं, हातातून वस्तू गळणारं.

मागत सुटणारं मूल:

- स्वतःभोवती फिरतं, सोफ्यावरून उड्या मारतं, इतर मुलांना मिठीत आवळतं आणि त्यालाच लोक ‘मारकुटं’ म्हणतात.
- कॉलर, पेन्सिल, दोरी चघळतं. सतत हात लावत राहतं.

यांतलं एखादं दुसरं प्रत्येक मुलात असतं. दोन वर्षांचं मूल भाजी थुंकतं, यात काही विशेष नाही. त्या गोष्टीमुळे मुलाचं जेवण, झोप, अंघोळ, खेळ किंवा अंगणवाडी अडते का, आणि ती घरी, नानीकडे, बाजारात अशी सगळीकडे दिसते का, यावरून पुढचं ठरवा. अडत नसेल तर मुलाच्या आवडीनिवडी म्हणून सोडून द्या.

हट्ट कसा ओळखायचा

पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: जमिनीवर लोळण, किंचाळणं, लाथा.

हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे पाहतं. हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. कुणी पाहत नसेल तर त्याचा जोर ओसरतो. ज्याला सोसत नाही त्या मुलाला वस्तू देऊनही ते थांबत नाही, कारण त्याला काही मिळवायचं नसतं, कशापासून तरी सुटायचं असतं. त्याला आवाजापासून, गर्दीपासून बाजूला नेलं की मग हळूहळू, कधी अर्धा तास घेऊन, ते शांत होतं आणि पुष्कळदा थकून झोपतं. दोन्ही एकत्रही होतं: आधी सोसेना म्हणून रडलं, मग रडलं की मोबाइल मिळतो हे कळलं. त्यामुळे एका प्रसंगावरून निवाडा करू नका.

दोन आठवडे एक वही ठेवा. रडण्याच्या प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर पाच गोष्टी लिहा: वेळ, जागा, त्याआधी नेमकं काय झालं, ते किती वेळ चाललं, कशानं थांबलं. झोप किती झाली होती आणि पोटात काय होतं हेही टिपा. शक्य असेल तर फोनवर एक-दोन छोटे व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं बसतं, तेव्हा हीच वही आणि व्हिडिओ कामाला येतात. ते व्हिडिओ खानदानाच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. मूल उद्या मोठं होणार आहे.

थेरपीआधी या तपासण्या

संवेदनांची अडचण वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी साध्या आजारांतून येतात. त्या आधी बाजूला काढा.

- कान. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर मूल हाकेला वळत नाही आणि मोठ्या आवाजानं वैतागतं. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी व्हायलाच हवी. लहान मुलांसाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात, त्यांत मुलानं उत्तर द्यावं लागत नाही. ‘ऐकू येतं, टीव्ही लागला की धावत येतो’ हा पुरावा धरू नका.
- डोळे. डोळे चोळणं, तिरपं पाहणं, उजेड टाळणं दिसलं तर डोळे तपासून घ्या.
- रक्त. माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन पाहा. लोहाची कमतरता असेल तर गोष्ट औषधानं सुटू शकते.
- दात, घसा, पोट. किडलेली दाढ, जुना बद्धकोष्ठ, जंत यांमुळेही मूल जेवण नाकारतं.
- सुरमा. यावर जरा थांबावं लागेल. डोळ्यांत सुरमा घालणं सुन्नत म्हणून घराघरांत होतं. हदीसमध्ये उल्लेख आहे तो इस्मद नावाच्या खनिजाचा. बाजारात मिळणाऱ्या सुरम्यात मात्र बरेचदा शिशाचं संयुग असतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. रक्तात अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित मर्यादा शास्त्राला माहीत नाही. मूल हात डोळ्याला लावून तोंडात घालतं, म्हणजे सुरमा पोटातही जातो. लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. हज-उमऱ्याहून कुणी प्रेमानं आणलेला असला तरीही.

या खुणा दिसल्या तर लगेच निघा

इथं वही, दोन आठवडे, काही नाही. थेट बालरोगतज्ज्ञ:

- वर्षाचं होऊनही बडबडत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.
- 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही.
- नावानं हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही.
- येत असलेले शब्द, हसणं, खेळणं कोणत्याही वयात नाहीसं झालं.
- टक लावून गोठल्यासारखं होतं, झटके येतात.
- वजन वाढायचं थांबलं, किंवा खाण्याचे पदार्थ एकेक करून सुटत चालले.

‘याचा बाप पण उशिरा बोलला होता’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या, आणि तुम्ही दवाखान्यात जा. तपासणीत काही निघालं नाही तर नुकसान एका दिवसाच्या मजुरीचं. ते छोटं नाही हे माहीत आहे, पण गेलेली दोन वर्षं परत येत नाहीत.

दारव्ह्यातून वाट कशी

1. अंगणवाडी आणि आशाताई. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. लसीच्या नोंदींसोबत त्यात वयानुसार वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. सेविकेला सोबत बसवून ते मुलाशी ताडून पाहा.

2. आरबीएसकेचं पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई अशा चार गोष्टी ते तपासतं, पैसे लागत नाहीत. गर्दीत मुलाकडे धावतं लक्ष जातं, तेव्हा वही दाखवून स्पष्ट बोला: ‘याला आवाज सोसत नाही, दोन शब्द जोडत नाही, पुढे पाठवा.’ संदर्भचिठ्ठी मागून घ्या. पथकाची वाट पाहायची नसेल तर दारव्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा.

3. यवतमाळ. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग, कान-नाक-घसा, नेत्र आणि मनोविकार हे विभाग एकाच आवारात आहेत. आरबीएसकेच्या रचनेत अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. चिठ्ठी त्या केंद्राच्या नावानं मागा. सकाळी लवकर निघा आणि मुलाच्या ओळखीचं खाणं बरोबर ठेवा. एसटीचा हॉर्न सोसत नसेल तर खिडकीजवळ, इंजिनापासून लांबची जागा बघा.

4. नागपूर किंवा सेवाग्राम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ज्यांना सरकारी मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात, तालुक्याच्या गावी क्वचितच भेटतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचं शिक्षण आणि उपचार दोन्ही चालतात. महिन्यातून एकदा जाऊन घरी करायचा कार्यक्रम लिहून आणणं, ही लांबच्या पालकांसाठी वापरण्यासारखी पद्धत आहे. पहिल्याच भेटीत तसं विचारा.

दीन मुलाच्या बाजूनं आहे

या घरांत दवाखान्याच्या आड येतात ते ‘लोक काय म्हणतील’, ‘अल्लाहची मर्जी’ आणि ‘जिन्नाचा असर’. तिन्हींना उत्तर दीनमध्येच आहे आणि ते घरातल्या मोठ्यांशी बोलताना तुमच्या हाती असलेलं बरं.

उपचार करा, कारण अल्लाहनं रोग दिला तसा त्याचा इलाजही ठेवला, या आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. तवक्कुलबद्दल तिर्मिझीतली उंटाची हदीस मौलानासाहेबांना तोंडपाठ असते: उंट आधी बांध, मग भरवसा ठेव. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीचा आशय असा की कुणावरही त्याच्या ताकदीपलीकडे ओझं टाकलं जात नाही. नमाज आणि रोजा बालिग होईपर्यंत फर्जच नाहीत. म्हणजे चार वर्षांच्या मुलानं टोपी फेकली, सफीतून पळालं, यात गुन्हा काही घडलेला नाही.

सातव्या वर्षी नमाज शिकवायला घ्या या हदीसचाच पुढचा भाग, दहाव्या वर्षीच्या शिस्तीचा, दाखवून लहान मुलांवर हात उगारणारे लोक आहेत. तुमचं मूल चार वर्षांचं आहे हे त्यांना सांगा. बुखारीतल्या हदीसनुसार, बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर त्याच्या आईला त्रास नको म्हणून पैगंबर साहेब (स.) नमाज आखूड करत. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली. नातू पाठीवर चढला तेव्हा सजदा लांबवला, हे नसाईत आहे. मशिदीत लघवी करणाऱ्या खेडवळ माणसावर लोक धावून गेले तेव्हा त्यांना थांबवून, वर पाणी ओतायला सांगितलं. जमातीतला कुणी ‘पोराला आवरा’ म्हणाला, तर यांतली एखादी घटना शांतपणे आठवून द्यायला हरकत नाही.

सूरह अबसाची सुरुवात तर अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम या दृष्टिहीन सहाबींकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल आहे. पुढे तेच मदिनेत हजरत बिलाल यांच्या जोडीनं अजान देत. मूल वेगळं असेल तर त्याला लपवण्याची रीत आपण कुठून आणली, हे ज्यानं त्यानं तपासावं.

आता नजर आणि असर. नजर लागते हे मानणाऱ्या घराला ते सोडून द्या असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. सूरह फातिहा आणि शेवटच्या दोन सूरा वाचून मुलावर फुंकर घाला, दुआ करा. तावीजबद्दल उलमांतच मतभेद आहेत, ते तुमच्या मौलानासाहेबांना विचारा. पण रुकया करणारा ‘गोळ्या बंद करा, थेरपी बंद करा’ म्हणाला, तर उठून या. धुरी देणं, बांधून ठेवणं, मारणं, तापल्या वस्तूनं डागणं हे भूत उतरवण्याच्या नावाखाली केलं तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे.

मशीद, मकतब, रमजान, ईद

- मशिदीची ओळख जुम्याला करून देऊ नका. अस्रच्या वेळी, थोडं आधी, गर्दी नसताना न्या. मागे, दाराजवळ, भोंगा आणि पंख्यापासून दूर बसा. पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. कान झाकणारे हेडफोन चालतात, त्यानं अदब कमी होत नाही.
- वजू खेळ म्हणून शिकवा. कोमट पाणी, हातात टॉवेल तयार. प्रत्येक अवयव तीनदा धुणं सुन्नत आहे, पण एकदा धुतलं तरी वजू होतो, असं बुखारीत आहे. शिकणाऱ्या मुलाला एकदाच पुरे.
- मकतबमध्ये तीस मुलं एकाच वेळी मोठ्यानं अरबी अक्षरओळखीचा कायदा वाचतात, तिथं आवाजाला हळवं मूल टिकत नाही. हाफिजसाहेबांशी आधी बोला: भिंतीकडेची जागा, पंधरा मिनिटांचा सबक, जमल्यास एकट्यानं. वाचताना डुलत असेल तर डुलू द्या. तेवढ्यानं त्याचा सबक सुधारतो.
- रमजानमध्ये झोप आणि जेवण दोन्हींची घडी विस्कटते, तेव्हा या महिन्यात रडणं वाढलं म्हणून आजार वाढला असं समजू नका. सहरीला मुलाला उठवू नका. इफ्तारच्या दावतीत त्याला आधी घरी जेवू घालून न्या.
- ईदचे कपडे आठवडाभर आधी दोनदा धुवा, मागची चिठ्ठी उसवून काढा, जरी टाळा. तरीही नाही घातले तर जुना, धुतलेला कुर्ता चालेल. शीरखुर्म्याची सगळी मिसळ तोंडात सोसत नसेल तर कोरड्या शेवया वेगळ्या द्या. गळाभेटीची सक्ती नको. छातीवर हात ठेवून सलाम करायला शिकवा आणि पाहुण्यांना ते आधीच सांगून ठेवा.
- खतना रुग्णालयात, सर्जनकडून, भूल देऊन करा. मुलाला आवाज-स्पर्श सोसत नाही हे डॉक्टरांना आधी सांगा. घरगुती पद्धतीनं चार माणसांनी धरून केलेला प्रकार अशा मुलाच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही.

कधीकधी असं ऐकू येतं की रुकू-सजदा हीच सगळ्यांत मोठी सेन्सरी थेरपी. सजद्यात कपाळावर, तळव्यांवर दाब येतो आणि काही मुलांना तो आवडतो, हे खरं. पण नमाज इबादत आहे, तिला उपचाराच्या यादीत घालून ना दीनचं भलं होतं ना मुलाचं.

घरी रोज काय करता येईल

महागडी खेळणी लागत नाहीत. धक्के, दाब मागणाऱ्या मुलाला वजनाचं काम द्या: कणीक तिंबणं, पाण्याची छोटी कळशी उचलणं, गाद्या ढकलणं, तांदळाची पिशवी ओढत नेणं. हे जेवणाआधी आणि मकतबला जाण्याआधी दहा मिनिटं केलं की बसणं सोपं जातं. झोका द्या, पण गोल गरगर फिरवू नका. काही मुलं त्यानं तासभर बिथरतात.

आवाज सोसत नसेल तर आधी सांगा: ‘आता मिक्सर लावते, पाच म्हणेपर्यंत.’ मग खरंच पाचला बंद करा. घरात एक कोपरा ठरवा, ओढणीचा पडदा लावा, तिथं कुणी ओरडायचं नाही. नवा पदार्थ ताटात फक्त ठेवा. आज पाहिला, उद्या वास घेतला, परवा बोट लावलं, एवढी चाल पुरे. जबरदस्तीनं घास कोंबला तर मूल तो एक पदार्थच नाही, जेवायची जागासुद्धा टाळायला लागतं. नखं झोपेत कापा.

मोबाइल हा शांत करण्याचा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून जास्त नको, असा आहे.

वजनदार गोधडी आणि ब्रशनं अंग घासणं हे प्रकार व्हिडिओ पाहून करू नका. लहान मुलाच्या छाती-नाकावर वजन आलं तर जीव जाऊ शकतो.

आणि अब्बू लोकांना एक सांगणं. वही आईनं लिहायची, एसटीत आईनं न्यायचं, टोमणे आईनं ऐकायचे, ही वाटणी चालणार नाही. दहा मुलं असून एकालाही चुंबलं नाही असं सांगणाऱ्या अक्रा बिन हाबिस यांना पैगंबर साहेबांनी (स.) काय सुनावलं ते जुम्याच्या बयानात तुम्ही ऐकलेलं आहे.

फसवणूक कुठं होते

- ‘तीन महिन्यांत ऑटिझम बरा’ अशी हमी. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. लवकर सुरू केलेल्या थेरपीनं बोलणं, वागणं, स्वावलंबन सुधारतं.
- स्टेम सेलची इंजेक्शनं. ऑटिझमसाठी या उपचाराला आयसीएमआरची मान्यता नाही. यासाठी शेत विकू नका.
- थेरपिस्टची पदवी न पाहता पैसे भरणं. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी साडेचार वर्षांची असते आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारणं हा तुमचा हक्क आहे.
- वर्षाचं पॅकेज आगाऊ. एका महिन्याचं घ्या, लिखित उद्दिष्ट मागा: ‘टोपी दहा मिनिटं ठेवेल’, ‘दोन नवे पदार्थ खाईल’ असं मोजता येणारं. तीन महिन्यांत काहीच हाललं नाही तर बदल मागा.
- मूल रडत असताना आईवडिलांना बाहेर बसवून दार लावून घेणारी थेरपी. आत बसू द्या म्हणा. नकार मिळाला तर परत जाऊ नका.

हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. ऑटिझम त्यांत आहे, संवेदनांची अडचण एकटी असेल तर ती नाही. म्हणून केवळ त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ऑटिझमचं निदान झालं तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरलं तर 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो. नगर परिषद आणि ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. दारव्हा नगर परिषदेत त्याबद्दल लेखी अर्ज करता येतो.

प्रमाणपत्र नसलं तरी शाळेत मारायची परवानगी कुणालाच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. हा कायदा मदरशांना लागू होत नाही, पण ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 खाली गुन्हाच आहे. उर्दू शाळा असो वा मराठी, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावून घ्या.

मुलावर अत्याचार होत असेल तर 1098 वर फोन करा. स्वतःच्या मनावरचा ताण सोसवत नसेल तर टेली-मानसचा 14416, तिथं मराठीतही बोलता येतं. आणि अंगणवाडीत आरबीएसकेचं पथक कधी येणार आहे ते उद्याच सेविकेला विचारून ठेवा. पाहुण्यांसमोर रडेल म्हणून त्या दिवशी मुलाला नानीकडे पाठवू नका. रडलं तर डॉक्टरांना ते पाहू द्या.